रुग्ण एकच, मग एवढी धावपळ कशासाठी?

हिवतापाचे रुग्ण जेथे वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत किंवा गेली काही वर्षे आढळलेलेच नाहीत, अशा भागांतील वाचकांची पत्रे या वेळी मोठ्या संख्येने आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझ्या भावाला १६ जुलैला थंडी वाजून ताप आला आणि रक्ततपासणीत व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप निघाला. आमच्या वस्तीत गेल्या चार वर्षांत एकही रुग्ण नव्हता आणि भाऊ दोन महिन्यांत कुठेही गेलेला नाही. शेजारचे गृहस्थ परदेशातील कामावरून १ जुलैला परतले आणि त्यांना १० जुलैला हाच आजार झाला, त्यामुळे सगळे त्यांनाच दोष देत आहेत. आरोग्य कर्मचारी मात्र तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. ते पुन्हा पुन्हा येतात, तेच तेच प्रश्न विचारतात आणि आसपासच्या घरांतील सर्वांचे रक्त घेतात. पूर्वी घरोघरी हिवताप असताना एवढी चौकशी कोणी केली नव्हती. मग आता एका रुग्णासाठी हे सारे कशाला?

उत्तर : शेजाऱ्यांना दोष देणे आधी थांबवावे, कारण आपण पाठवलेल्या तारखाच त्यांच्या बाजूने साक्ष देतात.

हिवताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. रुग्णाच्या रक्तात परजीवीचे डासाला बाधित करू शकणारे रूप तयार व्हावे लागते, त्याच वेळी अॅनाफिलीस डासाची मादी त्याला चावावी लागते, आणि त्यानंतर डासाच्या शरीरात परजीवीची वाढ पूर्ण होऊन तो त्याच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचावा लागतो. उबदार हवेत या वाढीला साधारण १० ते १४ दिवस लागतात. हवा थंड असेल तर हा काळ लांबतो आणि तापमान १६ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली राहिले, तर व्हायव्हॅक्सची वाढ जवळपास थांबतेच. एवढे दिवस जगलेला डास नव्या माणसाला चावल्यानंतर त्याला ताप यायला आणखी १२ ते १७ दिवस, कधी त्याहून बरेच अधिक दिवस लागतात. म्हणजे एका रुग्णाचा ताप आणि त्याच्यापासून लागण झालेल्या दुसऱ्या रुग्णाचा ताप यांत सर्वसाधारणपणे तीन ते चार आठवड्यांचे अंतर असायला हवे. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या जातीत डासाला बाधित करणारे रूप ताप सुरू झाल्यावर आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा रक्तात दिसते, त्यामुळे तेथे हे अंतर आणखी वाढते.

आता आपल्या तारखा पाहू. शेजारी परतले त्याच रात्री, म्हणजे १ जुलैला, त्यांना डास चावला आणि त्यांच्या रक्तात परजीवी आधीपासून होते असे क्षणभर मानले, तरी तो डास १० किंवा ११ जुलैच्या आधी कोणालाही बाधित करू शकला नसता. तेथून १६ जुलैपर्यंत जेमतेम पाच-सहा दिवस होतात, आणि इतक्या लवकर ताप येत नाही. आपल्या भावाला बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या दिवसांत डास चावला असावा, आणि तो डास जूनच्या मध्याच्या सुमारास कोणाचे तरी रक्त पिऊन बाधित झाला असावा. त्या वेळी शेजारी परदेशातच होते. मग जूनमध्ये आपल्या आसपास परजीवी कोणाच्या रक्तात होते, हा खरा प्रश्न आहे आणि कर्मचारी त्याचेच उत्तर शोधत आहेत.

उत्तर अनेक प्रकारचे असू शकते. एखाद्याला ताप येऊन गेला असेल आणि त्याने केवळ तापाची गोळी घेऊन वेळ निभावली असेल. एखाद्याला वर्षभरापूर्वी व्हायव्हॅक्स होऊन गेला असेल आणि यकृतात दडून राहिलेला परजीवी पुन्हा रक्तात उतरला असेल. खुद्द आपल्या भावालाही पूर्वी हा आजार झालेला असू शकतो, आणि तसे असेल तर ही नवी लागण नसून जुनीच लागण पुन्हा उलटलेली असेल. म्हणूनच पूर्वी कधी हिवताप झाला होता का, त्या वेळी गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का, गेल्या दीड महिन्यात कोणत्या रात्री कुठे झोपला होता, रात्रपाळी किंवा उघड्यावरचे काम होते का, घरी मुक्कामाला कोण येऊन गेले, रक्त चढवले होते का, असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिल्या भेटीत माणूस ‘कुठेच गेलो नाही’ असे सांगतो आणि तिसऱ्या भेटीत त्याला एका लग्नातला मुक्काम आठवतो, हा या कामातला नेहमीचा अनुभव आहे.

या चौकशीतून रुग्णाची नोंद ठरते. लागण दुसरीकडे झाली असेल तर तो बाहेरून आलेला रुग्ण ठरतो. अशा रुग्णापासून येथील डासामार्फत थेट ज्याला लागण झाली, तो पहिल्या पिढीचा रुग्ण वेगळा नोंदवला जातो. ज्याचा धागा बाहेरून आलेल्या कोणत्याही रुग्णाशी जुळत नाही, तोच खऱ्या अर्थाने स्थानिक रुग्ण होय, आणि एखादा भाग हिवतापमुक्त ठरवताना मोजला जातो तो हाच. आपल्या भावाचा धागा शेजाऱ्यांशी जुळत नाही. ‘बाहेरून आलेल्या माणसाने आजार आणला’ असे म्हणून फाइल बंद करणे सर्वांच्याच सोयीचे असते, आणि जेथे शून्याचे उद्दिष्ट डोक्यावर असते तेथे हा मोह अधिकच होतो. आपल्या भागातील कर्मचाऱ्यांनी तो टाळला, ही माझ्या मते तक्रारीची नव्हे, कौतुकाची गोष्ट आहे.

हजारो रुग्ण असताना प्रत्येकाचा माग काढणे शक्यही नसते आणि त्याचा फारसा उपयोगही नसतो. त्या काळात सर्वत्र फवारणी, मच्छरदाण्या आणि तत्पर उपचार यांवरच भर द्यावा लागतो. रुग्ण मूठभर उरले की संक्रमण सगळीकडे सारखे पसरलेले राहत नाही. ते एखाद्या वस्तीत, एखाद्या खाणीच्या छावणीत, नदीच्या एका वळणाशी टिकून राहते. अशा वेळी पूर्ण जिल्हाभर फवारणी करण्यापेक्षा ती एक जागा सापडणे महत्त्वाचे असते. चीनमध्ये यासाठी ‘१-३-७’ ही पद्धत राबवली गेली. तीत रुग्णाची नोंद एका दिवसात, त्याची चौकशी तीन दिवसांत आणि त्याच्या वस्तीतील पाहणी व उपाययोजना सात दिवसांत पूर्ण करायची असते. १९४० च्या दशकात दरवर्षी अंदाजे तीन कोटी रुग्ण असलेल्या त्या देशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हिवतापमुक्त घोषित केले.

शेजाऱ्यांमुळे झालेली लागण अजून पुढे दिसू शकते, हेही लक्षात असू द्यावे. त्यांच्या रक्तातून बाधित झालेला डास असलाच, तर त्याचे रुग्ण साधारणतः जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत दिसतील. त्या काळात कर्मचारी पुन्हा दारात आले, तर कपाळाला आठ्या घालू नयेत आणि घरातील कोणालाही ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे डास पूर्वीइतकेच आहेत. मग हिवताप संपला असे कोणत्या आधारावर म्हणतात?

उत्तर : दूरीकरण होते ते परजीवीच्या स्थानिक संक्रमणाचे, डासांचे नव्हे. सलग तीन वर्षे एकही स्थानिक रुग्ण आढळला नाही आणि आजार परत आला तर त्याला आवरण्याची यंत्रणा सिद्ध आहे याची खात्री पटली, तर जागतिक आरोग्य संघटना एखाद्या देशाला हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणपत्र देते. अॅनाफिलीस डास त्यानंतरही राहतात, पाऊस आणि उष्णताही राहते. म्हणजे आजार पुन्हा रुजण्यासाठी जमीन तयारच असते. कमी असतो तो फक्त परजीवी, आणि तो माणसाबरोबर केव्हाही प्रवास करू शकतो.

याचे सर्वांत कडू उदाहरण श्रीलंकेचे आहे. १९६३ मध्ये तेथे संपूर्ण देशात अवघे १७ रुग्ण नोंदले गेले होते. यश हाती आले असे समजून फवारणी थांबली, देखरेख सैल झाली आणि १९६८-६९ च्या साथीत रुग्णांची संख्या पाच लाखांवर गेली. तेथील प्रमुख वाहक डास नदीचे पात्र आटल्यावर उरणाऱ्या डबक्यांत वाढतो, त्यामुळे पाऊस कमी झाला की धोका घटण्याऐवजी वाढतो. शेवटचा स्थानिक रुग्ण २०१२ मध्ये नोंदला जाईपर्यंत आणि २०१६ मध्ये प्रमाणपत्र मिळेपर्यंत मधली चार-पाच दशके गेली. मॉरिशसला हे प्रमाणपत्र १९७३ मध्येच मिळाले होते, परंतु १९७५ च्या चक्रीवादळानंतर आजार परतला आणि तो पुन्हा हटवायला १९९८ साल उजाडले.

परत आलेला प्रत्येक रुग्ण म्हणजे पुनरागमन नव्हे, हे मात्र येथेच सांगायला हवे. २०१८ च्या अखेरीस श्रीलंकेत बाहेरून आलेल्या एका कामगारापासून एका स्थानिक व्यक्तीला लागण झाली. ती वेळीच ओळखली गेली, साखळी तेथेच तुटली आणि देशाचा हिवतापमुक्त दर्जा कायम राहिला. एकाच ठिकाणी एकाच जातीचे दरवर्षी किमान तीन स्थानिक रुग्ण सलग तीन वर्षे आढळले, तरच संक्रमण पुन्हा प्रस्थापित झाले असे मानतात.

प्रश्न : हिवताप हा जंगलातला आणि शेतशिवारातला आजार आहे. शहरात राहणाऱ्यांनी त्याची काळजी का करावी?

उत्तर : हा समज जिबुतीने खोटा ठरवला. आफ्रिकेच्या त्या छोट्या देशात २०१२ मध्ये हिवतापाचे केवळ २७ रुग्ण नोंदले गेले होते आणि दूरीकरण दृष्टिपथात आले होते. त्याच वर्षी तेथे अॅनाफिलीस स्टीफेन्सी हा डास आढळला. मूळचा दक्षिण आशिया आणि अरबस्तानातील हा डास पाण्याच्या टाक्या, पिंपे, विहिरी आणि बांधकामावर साठवलेले पाणी यांत सुखाने वाढतो, म्हणजे शहर त्याला चांगलेच मानवते. २०२० मध्ये जिबुतीतील नोंदलेल्या रुग्णांची संख्या ७३ हजारांच्या वर गेली होती. साऱ्या वाढीचे खापर एका डासावर फोडता येणार नाही, पण वाहक बदलला की जुना अंदाज निरुपयोगी ठरतो हे त्यातून दिसते. टाकीचे झाकण घट्ट बसवणे आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधणे ही कामे क्षुल्लक वाटतात, परंतु या डासापुरता तोच मुख्य उपाय आहे. घराबाहेरच्या डबक्यावर औषध मारून टाकीतल्या अळ्या मरत नाहीत.

प्रश्न : तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि अंगात ताकदही आली. तरी डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण करायला सांगतात. हा अतिरेक नाही का?

उत्तर : नाही. पहिल्या तीन दिवसांचे औषध रक्तातील परजीवी मारते आणि म्हणून ताप उतरतो. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी मात्र यकृतात सुप्तावस्थेत राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. त्यांच्यावर चालणारे नेहमीचे औषध म्हणजे प्रायमाक्विन, आणि ते सहसा १४ दिवस दिले जाते. काही ठिकाणी अधिक मात्रेचा सात दिवसांचा क्रमही वापरतात. आपण मध्येच गोळ्या सोडल्या, तर पुढच्या पावसाळ्यात वस्तीतला पहिला रुग्ण आपणच असू शकता, आणि तोपर्यंत आपल्या आजूबाजूचे डास आपल्याकडून परजीवी घेऊन पुढे गेलेले असतील.

हे औषध स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून शक्य तेथे आधी ती चाचणी करतात. गरोदर स्त्रियांना आणि सहा महिन्यांखालील बाळांना ते देत नाहीत. गोळ्या चालू असताना लघवी गडद, काळपट रंगाची झाली, त्वचा वा डोळे पिवळे दिसू लागले किंवा एकाएकी धाप लागू लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : वस्तीतील तपासणीत माझ्या आईच्या रक्तात परजीवी सापडले, पण तिला तापाचा मागमूसही नाही. चाचणी चुकली असेल का?

उत्तर : चुकीची शक्यता अगदीच नाही असे नाही, परंतु ताप नसलेली लागण ही नित्याची गोष्ट आहे. जेथे अनेक वर्षे हिवताप होता, तेथील प्रौढांमध्ये पूर्वीच्या आजारपणांमुळे अंशतः प्रतिकारशक्ती तयार झालेली असते; परजीवी थोडे असतात आणि शरीर त्यांना दाबून धरते. इतके थोडे परजीवी काचपट्टीवर किंवा झटपट चाचणीच्या पट्टीवर बरेचदा दिसतही नाहीत आणि केवळ पीसीआरसारख्या प्रयोगशाळेतील चाचणीत उघड होतात. आईच्या बाबतीत ते साध्या तपासणीत दिसले, म्हणजे त्यांची संख्या तितकीही कमी नसावी. लक्षणे नसली तरी डासाला बाधित करण्याची क्षमता असते, म्हणून उपचार पूर्ण घ्यावेत. आपल्या आई आणि पहिल्या पत्रातील भाऊ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, परंतु तशा प्रकरणांतील हरवलेला दुवा अनेकदा अशाच, स्वतःला निरोगी समजणाऱ्या व्यक्तीपाशी सापडतो.

काही वाचकांनी सुचवले आहे की मग सरसकट सर्वांचेच रक्त तपासावे. विचार चांगला आहे, पण हाती असलेल्या चाचण्यांतून कमी परजीवी असलेले लोक सुटतात आणि एवढ्या खटाटोपातून संक्रमणात अपेक्षित घट होत नाही, असाच अनुभव आहे. एखादा रुग्ण सापडल्यावर त्याच्या घरात, शेजारी आणि त्याच्यासोबत प्रवास किंवा काम केलेल्यांमध्ये शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

प्रश्न : मी एक खासगी वैद्यकीय व्यावसायिक आहे. आमच्या तालुक्यात दोन वर्षे शून्य रुग्ण असताना तापाच्या प्रत्येक रुग्णाची हिवतापासाठी तपासणी करण्याचा आग्रह योग्य आहे का?

उत्तर : प्रत्येकाची नव्हे, पण कोणाची करायची याचा नियम ठरलेला असावा आणि तो पाळला जावा. गेल्या काही आठवड्यांत, किंवा व्हायव्हॅक्सच्या बाबतीत वर्षभरातही, हिवतापाच्या प्रदेशातून आलेला तापाचा रुग्ण, पूर्वी हिवताप झालेला रुग्ण, एक दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप, आणि कारण न सापडलेला कोणताही ताप यांत तपासणी टाळण्यास सबब नाही. डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली की ‘विषाणूजन्य ताप’ असे लिहून मोकळे होण्याची सवय या टप्प्यावर महागात पडते, कारण फॅल्सिपेरमच्या रुग्णाची प्रकृती काही तासांतही ढासळू शकते.

‘दोन वर्षे शून्य’ या आकड्याबद्दलही थोडे बोलावे लागेल. त्याच्या शेजारी तपासलेल्या रक्तनमुन्यांची संख्या नसेल, तर माझ्या लेखी तो आकडा निरर्थक आहे. पुरेशा तपासण्या करून मिळालेले शून्य आणि कोणी तपासलेच नाही म्हणून आलेले शून्य कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. जोखमीच्या महिन्यांत किती तापाचे रुग्ण तपासले, कोणत्या गावांतून एकही नमुना आला नाही, खासगी दवाखान्यांनी किती नमुने पाठवले, काचपट्ट्यांची फेरतपासणी झाली का, हे विचारले की शून्याचा कस लागतो. एकही नमुना न पाठवणारे गाव हिवतापमुक्त आहे असे नव्हे, त्या गावाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही एवढेच त्याचे म्हणणे असते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांचाही विचार व्हायला हवा. वर्षानुवर्षे परजीवी दृष्टीसच पडला नाही तर सरावलेली नजरही मंदावते, म्हणून अनेक देश त्यांच्याकडे ज्ञात नमुन्यांच्या काचपट्ट्या परीक्षेसाठी नियमित पाठवतात.

अमेरिकेसारख्या देशातही २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडामध्ये सात जणांना आणि टेक्ससमध्ये एकाला व्हायव्हॅक्सची स्थानिक लागण झाली. त्याआधी वीस वर्षे तेथे असे घडले नव्हते. ते कळले, कारण प्रवास न केलेल्या रुग्णाचे रक्तही कोणीतरी तपासले.

प्रश्न : माकडांपासूनही हिवताप होतो असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : होय. प्लाझमोडियम नोलेसी हा माकडांमधील परजीवी आग्नेय आशियातील जंगलांलगतच्या लोकांमध्ये डासांमार्फत येतो. मलेशियात २०१८ पासून माणसांमधील नेहमीच्या जातींचा स्थानिक रुग्ण नाही, तरीही नोलेसीचे रुग्ण दरवर्षी हजारांच्या संख्येने आढळतात आणि त्यामुळेच त्या देशाचे प्रमाणपत्र अडले आहे. माकडांना औषध देता येत नाही, त्यामुळे हा पेच लवकर सुटण्यासारखा नाही. ही माकडे आणि त्यांचे विशिष्ट वाहक डास जेथे नाहीत, तेथील वाचकांनी याची चिंता करू नये.

प्रश्न : रक्त चढवल्यामुळे हिवताप झाला, तर तो स्थानिक संक्रमणात धरतात का?

उत्तर : धरत नाहीत, कारण त्यात डासाचा सहभाग नसतो, अशा रुग्णाची नोंद स्वतंत्र होते. मात्र त्याच्या रक्तातून पुढे डास बाधित होऊ शकतात, म्हणून त्याची चौकशी आणि त्याच्या परिसराची पाहणी इतर रुग्णांसारखीच केली जाते, आणि ज्याने रक्त दिले त्याचाही शोध घेतला जातो. रक्तदानाच्या वेळी पूर्वी झालेल्या हिवतापाबद्दल आणि प्रवासाबद्दल जो प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर रक्त नाकारले जाईल या संकोचाने दडवू नये.